मेघगर्भातील पाण्याची साक्ष

मृगाचा पाऊस आपल्या नित्य परिचयाचा. परंतु ज्या तारकासमूहाला आपण मृग म्हणतो त्यातील तेजोमेघातही पाणी आहे, याचा पहिला दाखला मिळाला तो १९६९ साली, कॅलिफोर्नियातील हॅट क्रीक वेधशाळेत चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या रेणूंच्या सुमारे १.३५ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपल्या तेव्हा.

तारा जन्मास येतो तो वायू आणि धूळ यांच्या ज्या अतिशीत मेघात, तेथे साध्या दुर्बिणीची दृष्टी पोचत नाही. पाण्याचा रेणू मात्र तेथील स्थितीची इत्थंभूत खबर देतो. कारण थंडीत तो धूलिकणांवर बर्फ होऊन मूक बसतो, उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लाभताच वाफेच्या रूपाने मोकळा होतो, आणि नवजात ताऱ्यापासून सुटलेले झोत भोवतालच्या वायूवर आदळले म्हणजे त्या तप्त धक्क्यात ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या संयोगाने नवे पाणीच विपुल निर्माण होते.

अडचण होती ती आपल्याच वातावरणातील बाष्पाची, जे या रेणूच्या बहुतेक लहरी वाटेतच गिळून टाकते. म्हणून साडेतीन मीटर व्यासाचा आरसा असलेली हर्शेल दुर्बीण १४ मे २००९ रोजी अवकाशात धाडण्यात आली, आणि पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर मुक्काम करून, उपकरणे थंड राखणारे द्रवरूप हेलियम एप्रिल २०१३ मध्ये संपेपर्यंत तिने वेध घेतले. नेदरलंड्समधील लायडनच्या एविना व्हान डिशूक यांनी या दुर्बिणीद्वारे पाण्याच्या शोधाची एक मोठी मोहीमच चालविली.

हर्शेलच्या या साऱ्या दप्तरातील मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंद वृषभ राशीतील एल १५४४ या काळोख्या मेघाची. पाओला कासेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१२ साली तेथे पृथ्वीवरील सर्व महासागर दोन हजार वेळा भरतील एवढी वाफ आढळली, आणि तीही जेथे सर्व पाणी गोठलेले असावे अशा थंडीत! विश्वकिरणांच्या आघाताने मेघात मंद अतिनील प्रकाश उपजतो आणि तोच बर्फातील रेणू सोडवीत राहतो, असा त्याचा उलगडा झाला. याहून विलक्षण होती ती त्या वाफेची वर्णरेषा. आपल्या बाजूची वाफ केंद्राकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, जात असल्याने रेषेचा शोषित भाग तांबड्या टोकाकडे सरकलेला, तर पलीकडची वाफ केंद्राकडे येताना आपल्याही दिशेने येत असल्याने उजळ भाग निळ्या टोकाकडे झुकलेला. अर्थात मेघाचा गाभा स्वतःच्या भाराने आत कोसळत होता. त्या गाभ्यात तारा अद्याप प्रकटलेला नाही.