शोथ, फ्रुसेमाइड आणि ज्येष्ठमध

शोथाचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा फ्रुसेमाइडच्या गोळ्या असतातच. वृक्कातील हेन्लेच्या वळशावर क्रिया करून हे औषध लवण व जल वेगाने बाहेर टाकते. हृद्रोगजन्य शोथात त्याची उपयुक्तता नाकारणे हा दुराग्रह ठरेल. मात्र मूत्रावाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जातात.

गेल्या पावसाळ्यात ६२ वर्षांचे एक गृहस्थ पिंडऱ्यांत गोळे आणि जिना चढवेना इतके दौर्बल्य घेऊन आले. सकृद्दर्शनी वातप्रकोप! रक्तातील पोटॅशियम दर लिटरला २.८ मिलिइक्विव्हॅलंट निघाले (प्राकृत प्रमाण ३.५ ते ५). अम्लपित्तासाठी ते दोन महिने ज्येष्ठमधाचे चूर्ण घेत होते, आणि ते मीच दिलेले होते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन लवण-जल धरून ठेवते व पोटॅशियम घालवते. म्हणजे एकीकडे शोथवृद्धी, दुसरीकडे फ्रुसेमाइडच्या दुष्परिणामात भर. चूर्ण थांबवून त्यांना त्याच दिवशी हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठविले. डिगॉक्सिन चालू असते तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका अधिकच होता.

अशा रुग्णांत विरेचनाची घाई नको. नारळपाणीही सरसकट सुचवू नये, कारण सोबत स्पायरोनोलॅक्टोन असल्यास पोटॅशियम उलट वाढते. पुनर्नवा, गोक्षुर योजताना वजन, रक्तदाब व क्रिएटिनिन पाहावे. मूळ गोळी परस्पर बंद करू नये; श्वास लागून रुग्ण रात्रीतून अत्यवस्थ होऊ शकतो.

माझ्या केसपेपरवर आता 'चालू आधुनिक औषधे' असा रकाना नाडीपरीक्षणाच्याही वर छापलेला आहे.