बेकारांचे हात आणि अरण्याची राखण

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागांत चिप्पेवा नांवाचें राष्ट्रीय अरण्य आहे. तेथें रॅबिडो छावणीचीं जुनीं लांकडी घरें जतन करून ठेविलेलीं आहेत. त्यांचा इतिहास शेतकरीवर्गानें मनन करण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

सन १९२९ नंतर त्या देशांत भयंकर मंदी आली. धान्याचे भाव उतरले, कित्येक शेतकरी कर्जापायीं जमिनीस मुकले व लाखों तरुणांस काम मिळेना. इकडे बेसुमार तोडीनें रानें उजाड झालीं होतीं, आणि नांगरटीची माती वाऱ्यापावसानें वाहून जात होती. सन १९३३ मध्यें अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं या दोन्ही दुखण्यांवर एकच उपाय योजिला. बेकार तरुणांचें एक नागरी दल उभारून त्यांस जंगल व जमीन राखण्याच्या कामास लाविलें. महिना ३० डॉलर वेतन ठरलें. पैकीं सुमारें २५ डॉलर परभारें घरीं पाठविले जात. त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटली. छावणीची शिस्त लष्कराकडे होती. अरण्यांतील काम वनखातें दाखवी.

रॅबिडो छावणी सन १९३५ मध्यें बांधिली गेली. तेथील मुलांनीं रोपें लाविलीं, रस्ते केले व वणव्यावर नजर ठेवण्यासाठीं मनोरे उभारिले. इतर कित्येक छावण्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनींत घळी अडविल्या व उतारावर बांध घातले. देशभर सुमारें ३० लाख तरुणांनीं मिळून ३०० कोटींच्या आसपास झाडें लाविलीं. तथापि कृष्णवर्णी तरुणांस बहुधा निराळ्या छावण्यांत ठेवीत, हा दोष सांगितलाच पाहिजे.

युद्धामुळें सन १९४२ मध्यें दल बंद झालें. छावण्या तात्पुरत्या बांधलेल्या असल्यानें बहुतेक मोडून गेल्या. रॅबिडो वांचली, कारण युद्धानंतर इलिनॉय विद्यापीठाचे विद्यार्थी तेथें शिक्षणासाठीं राहूं लागले. वापर राहिला म्हणून डागडुजी होत गेली. सन २००६ मध्यें तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

आपल्याकडेही दुष्काळांत बांधबंदिस्तीचीं कामें निघतात. मजुरी त्या वर्षीं पोटांत जाते. बांध मात्र राखला तरच पुढच्या पिढीच्या उपयोगीं पडतो. फुटलेली सांड वेळेवर न बुजविल्यास एका पावसाळ्यांत शेंकडों हातांचे श्रम ओढ्यास मिळतात. यास्तव पहिली कुदळ मारण्यापूर्वींच पुढील राखण कोणीं करावयाची हें गांवानें ठरवावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.