काचेचा रतीब

क्रांती चौकातून जालना रोडने चिकलठाण्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काच सुरू होते. मोटारींचे शोरूम, बँका, दवाखाने, कोचिंग क्लास, सराफांच्या पेढ्या, सगळ्यांची दर्शनी बाजू काचेची. ही काच पुसतो कोण? तळमजल्याची पुसतो दुकान झाडणारा पोऱ्या. त्याच्या एका हातात निळ्या पाण्याची फवाऱ्याची बाटली असते आणि दुसऱ्या हातात कालचा पेपर. वरच्या मजल्यांकडे सहसा कोणी बघत नाही. मग नवरात्र उलटतं, अख्ख्या शहराला एकाच पंधरवड्यात आपल्या खिडक्या आठवतात आणि ‘काचा पुसणारा कुणी माहितीये का हो?’ अशी विचारपूस सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरात बादली, वायपर, शिडी आणि दुचाकी एवढ्या भांडवलावर हा धंदा एकट्याने सुरू करता येतो. पण यात शिरणारा दिवाळीच्या गर्दीवर डोळा ठेवून शिरला, तर त्याचं गणित पहिल्याच वर्षी चुकतं. दिवाळी वर्षातून एकदा येते आणि पोट रोज असतं. दूधवाला जसा रतिबावर जगतो, तसाच काच पुसणाराही रतिबावरच जगू शकतो. पाणी, हत्यारं, उंची आणि कागदपत्रं या सगळ्यांचा विचार त्या रतिबाच्या हिशेबाने करावा लागतो.

कंदिलापासून शोरूमपर्यंत

मराठी घराला काच पुसण्याचं काम नवं नाही. वीज येण्याआधी तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसणं हे पोरांचं ठरलेलं काम होतं. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पुढे ओगलेवाडीचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचले. पण ती काच दिव्याची होती. जुन्या औरंगाबादेतल्या हवेल्यांना उजेड मिळे तो आतल्या चौकातून. रस्त्याकडच्या खिडक्यांना लाकडी झडपा नाहीतर जाळ्या असत.

मोठी, सपाट आणि परवडणारी काच आली ती फ्लोट पद्धतीमुळे. यात वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरू देतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली आणि १९९० च्या दशकात अशी काच आपल्याकडे तळोज्यातही तयार होऊ लागली. १९७० च्या दशकापासून आकाराला आलेल्या सिडकोतल्या घरांच्या लाकडी खिडक्या एकेक करत गेल्या आणि त्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. बीड बायपास, सातारा-देवळाई, हर्सूल या बाजूंना उंच इमारती झाल्या. शेंद्र्याच्या औद्योगिक नगरीत ७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑरिक हॉल या इमारतीचं उद्घाटन झालं. काच वाढत गेली, तसा ती पुसायचा प्रश्नही वाढला. घरकामाच्या बाईंकडे फरशी आणि भांडी असतात, काच नसते. वॉचमन गेट सोडून शिडीवर चढत नाही. ही मधली जागा रिकामी आहे.

आधी पाणी समजून घ्या

या शहरात काच पुसायला निघालेल्याची पहिली गाठ पडते पाण्याशी. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, नहरींनी पाणी पाजलं. पाणचक्की आजही त्याची साक्ष देते. आता सगळी भिस्त पैठणच्या जायकवाडीवर आहे. नाथसागराचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीहून अधिक असला, तरी शहरातल्या नळांना वर्षानुवर्षं आठवड्याच्या हिशेबाने पाणी मिळत आलं. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून पुढे सुमारे २,७४० कोटींवर गेला. नळाला पाणी नसतं त्या दिवसांत शहर बोअर आणि टँकरवर भागवतं. हे भूजल बेसॉल्टच्या भेगांतून येतं, त्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

जिभेला जे पाणी चालतं, ते काचेला चालतंच असं नाही. थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतो. गच्चीवरची टाकी वाहते त्या भिंतीवरच्या खिडक्या पाहिल्या, की पांढरट ओघळांचे थरावर थर दिसतात. ताजा थर पातळ व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाने सुटतो. वर्षानुवर्षांचा थर काचेत मुरतो आणि पुसून जात नाही. हे गिऱ्हाइकाला कामाआधीच सांगून टाकावं, नाहीतर नंतर ‘डाग तसाच राहिला’ म्हणून पैसे अडतात. इथेच बाथरूमच्या अॅसिडचा मोह होतो. ते अॅल्युमिनियमची चौकट खातं. काही तयार डागनाशकांत फ्लोराइडयुक्त आम्लं असतात. ती काचही कोरतात आणि कातडीतून शिरून हाडापर्यंत इजा करतात. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत, तिला हात लावू नये.

परदेशात बरेच जण आता शिडी सोडून लांब पोकळ काठीने काम करतात. काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि आतून पाणी येतं. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आल्यावर या काठीला जोर आला. पण तिचं सगळं तंत्र क्षारमुक्त पाण्यावर चालतं. काच धुवायची आणि तशीच सुकू द्यायची, पुसायची नाही. बोअरच्या पाण्याने हे केलं तर काच आधीपेक्षा वाईट दिसेल. पाणी शुद्ध करणारं यंत्र आणि त्यातल्या रेझिनचा सततचा खर्च नवख्याला झेपत नाही. म्हणून संभाजीनगरात सुरुवात जुन्या हत्यारानेच करावी. वायपर पाणी ओढून काढतो, आणि पाण्याबरोबर त्यातला क्षारही निघून जातो. शेवटच्या हातासाठी पाच लिटर मऊ पाणी जवळ असलं की पुरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घरोघर इन्व्हर्टरसाठी साठवतात, तेच इथेही कामाला येतं.

हात बसायला लागतो वेळ

आज जगभर वापरला जाणारा हलका, एका रबरी पातीचा वायपर अमेरिकेत स्थायिक झालेल्या एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन माणसाच्या डोक्यातून निघाला. १९३६ मध्ये त्याने पितळी वायपरचं पेटंट घेतलं. फरशीचा जाड रबराचा वायपर काचेवर चालत नाही. काचेच्या वायपरची पाती पातळ आणि सरळ धारेची लागते. धार बोथट झाली की पाती उलटवायची, दोन्ही बाजू झिजल्या की बदलायची. पातीचे पैसे वाचवले की काचेवर रेघा उमटतात आणि काम दुप्पट होतं.

रीत सोपी वाटते. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकायचे. जास्त टाकले की फेस राहतो. फरच्या कापडी पट्टीने काच भिजवून घासायची आणि कडा ओल्या करायच्या. मग कोरड्या फडक्याने फक्त वरची कड, बोटभर रुंद, कोरडी करून घ्यायची. नवखा हीच पायरी गाळतो आणि वरून ओघळ आला की काचेला दोष देतो. त्या कोरड्या पट्टीवर पाती टेकवून एका दमात खाली ओढायची आणि प्रत्येक ओढीनंतर पुसायची. शेवटी चौकटीच्या कडेला साचलेलं पाणी फडक्याने टिपायचं. उन्हात तापलेल्या काचेवर हे जमत नाही, कारण पाती पोहोचण्याआधीच पाणी सुकतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पश्चिमेच्या खिडक्या सकाळी आणि पूर्वेच्या संध्याकाळी घ्याव्या लागतात.

घरांची अडचण वेगळी असते. आपल्याकडे खिडकीबाहेर लोखंडी ग्रिल असते, त्यामुळे बाहेरची बाजू हाताला लागत नाही. त्यासाठी सरकतं शटर वर उचलायचं, खालची कड रुळातून सोडवायची आणि शटर तिरकं करून आत घ्यायचं. कोणतं शटर कोणत्या रुळातलं, याची खूण चिकटपट्टीने आधी करून ठेवावी. रुळातली माती कोरडी असतानाच ब्रशने काढावी. ओली केली की चिखल होतो आणि चाकं जाम होतात. नव्या सदनिकेत ताबा देण्याआधीच्या सफाईला पैसे जास्त मिळतात, पण तिथे काचेवर सिमेंट आणि रंगाचे शिंतोडे असतात. ते पात्याने खरवडताना टफन्ड काचेवर चरे पडू शकतात. भरपाईची वेळ आली तर महिन्याची कमाई जाते. अशा कामाआधी काचेचे फोटो काढून मालकाला पाठवावेत आणि जोखीम लेखी कळवावी.

वार ठरवा, गल्ली ठरवा

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. निराला बाजार, औरंगपुरा, पैठण गेट या जवळजवळच्या भागात ३० दुकानं आठवड्याला एकदा, दर खेपेला १०० रुपयांनी मिळाली, तर आठवड्याचे ३,००० होतात, म्हणजे महिन्याचे १२,००० च्या वर. तळमजल्याच्या दर्शनी काचेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तीन-चार दिवसांच्या सकाळी त्यात जातात. शिवाय २० घरं दर तीन महिन्यांनी ९०० रुपयांना धरली, की महिन्याला आणखी ६,००० पडतात. उरलेल्या वेळात नव्या सदनिकांची कामं होतात. आता हीच ३० दुकानं गारखेडा, टीव्ही सेंटर आणि वाळूज अशी विखुरली, तर पेट्रोल आणि रस्त्यातला वेळच नफा खाऊन टाकतो. म्हणून दुरून आलेलं चांगलं कामही सुरुवातीला सोडावं आणि गिऱ्हाइकाच्या शेजारचं दुकान आधी धरावं.

पैसे मागायचीही वेळ असते. सकाळी काच पुसून झाली म्हणून लगेच हात पुढे केला, की गल्ल्यावरचे शेठ नाराज होतात. बोहनी होण्याआधी पैसा बाहेर जाऊ द्यायला कोणी तयार नसतं. महिन्याचा हिशेब ठरावीक तारखेला, संध्याकाळच्या वेळी करावा. दिवाळीच्या तोंडावर रतिबाची गिऱ्हाइकं आधी, नेहमीच्याच दराने घ्यावीत. बाहेरचं काम उरलेल्या वेळात, वाढीव दराने घ्यावं. नव्या माणसाच्या जादा पैशांसाठी जुन्याचा वार चुकवला, तर तो माणूस वर्षभरासाठी जातो. ब्रिटनमध्ये खिडक्या पुसणारे निवृत्त होताना आपल्या ठरलेल्या घरांची फेरी महिन्याच्या उत्पन्नाच्या काही पटीत चक्क विकतात. घेणारा पैसे मोजतो तो नियमितपणासाठी.

उंचीचं काम वेगळं

बहुमजली इमारतीच्या दर्शनी काचेचं काम दोरावरचं असतं, आणि तो निराळा धंदा आहे. त्यात एक दोर कामाचा आणि दुसरा बचावाचा लागतो. दोन्ही वेगवेगळ्या भक्कम आधारांना बांधलेले असावे लागतात. अंगाला पूर्ण शरीराचा हार्नेस लागतो, त्याचं भारतीय मानक ३५२१ आहे. प्रशिक्षण घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. गच्चीच्या कठड्याला किंवा डिशच्या पाइपाला बांधलेला दोर आधार होत नाही. शिडीचंही पथ्य आहे. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर ठेवायचा, आणि बादली हातात घेऊन चढायचं नाही.

पगारी कामगार पडला तर भरपाईचा कायदा किंवा ईएसआय त्याच्या मागे उभं राहू शकतं. स्वतःच मालक असलेल्याला ते छत्र नसतं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते पहिल्याच दिवशी घ्यावं. एका मोडलेल्या पायासाठी ते पुरत नाही, कारण ते मृत्यू आणि अपंगत्वापुरतं आहे. म्हणून बुडालेल्या दिवसांसाठी दर महिन्याची थोडी शिल्लक वेगळी ठेवावीच लागते.

कागदपत्रं थोडीच लागतात

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती फुकट होते. त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात खिडक्यांच्या सफाईसारखी कामं ८१२९ या वर्गात बसतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवल कमी पडलं, तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. शहरातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडे नवउद्योजकांसाठी प्रशिक्षण असतं.

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग होतो तो वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांची कामं मिळाल्यावर. कंपनीचं काम म्हणजे तीन महिन्यांची उधारी, असा अनेकांचा समज असतो. पण २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही याला दात आले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की लेखा विभागाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

कमीपणा कशात

या धंद्यात सगळ्यात अवघड असतं ते घरच्यांना सांगणं. आपल्या समाजाने सफाईला जात चिकटवली. हातात बादली दिसली की लोक आधी आडनाव विचारतात. गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हातात घेऊन गावं झाडली. त्यांच्या नावाने राज्याने अभियान चालवलं, पण झाडणाऱ्याकडे बघायची नजर फारशी बदलली नाही. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या फेऱ्यांत अडकलेल्या मुलाला ठेकेदाराकडे कमी पगारावर राबताना लाज वाटत नाही. स्वतःच्या नावाने काच पुसायची मात्र वाटते. त्याच्या बाजूने बोलायला त्याच्याकडे फक्त हिशेबाची वही असते, आणि घरचे बहुतेक वेळा तिच्यापुढेच नमतात.

म्हणून ज्याला हा धंदा करायचा आहे, त्याने दिवाळीच्या आधी नव्हे, दिवाळीच्या नंतर सुरुवात करावी. पाऊस सरलेला असतो, हंगामी पुसणारे घरी बसलेले असतात आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. एकच गल्ली धरावी, दहा दुकानं घ्यावीत आणि वार पक्का करावा. पहिली खेप फुकट पुसून दाखवायला हरकत नाही, पण दुसरीचा भाव आधी बोलून घ्यावा. पुढच्या नवरात्रापर्यंत त्या दहांपैकी सात टिकले, तर शेजारची गल्ली घ्यावी. तीनच टिकले, तर आणखी दुकानं शोधण्याआधी त्या सातजणांकडे जाऊन का सोडलं ते विचारावं. बहुतेक वेळा उत्तर काचेबद्दल नसतं, चुकलेल्या वाराबद्दल असतं.