आरोग्यविषयक दाव्याची पारख : बेळगावातील एका चाचणीच्या आधारे

दावा आणि पुरावा

बेळगावच्या कॅम्प भागात एकाच मोबाइलवर मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीतून आरोग्याचे सल्ले येतात. एका भाषेतून दुसरीत जाताना मात्रा, रुग्णाचे वय, आजाराची अवस्था हे तपशील गळतात आणि 'या काढ्याने साखर जाते' एवढेच वाक्य उरते. हा दावा झाला. कोणाला, किती मात्रेत, कशाशी तुलना करून दिले आणि काय मोजले हे कळले, तरच पुराव्याची चर्चा सुरू होते.

जिल्ह्यातील उदाहरण

चांगला पुरावा कसा असतो हे पाहण्यासाठी कॅम्पपासून लांब जावे लागत नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने टळतो का, याची चाचणी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात झाली. नेहरूनगरचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक त्यात एकत्र होते. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या, कमी जोखमीच्या १,६२० स्त्रियांपैकी ८१२ जणींना औषध आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी मिळाली. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले होते, त्यामुळे दोन्ही गट सारखे राहिले. गोळी देणाऱ्या सहायक परिचारिकांनाही ती कोणती हे ठाऊक नव्हते. रक्ताचा अंदाज नजरेने बांधला नाही. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली ठेवून ते मोजले. अहवाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि पैसा कोणी दिला हेही त्यात नमूद आहे.

टक्केवारीची दोन रूपे

अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हेच 'धोका जवळजवळ निम्मा झाला' असे सांगता येते, किंवा 'साधारण १८ जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो' असेही. दोन्ही विधाने खरी आहेत. मूळ धोका १२ टक्के असताना निम्मा होणे मोठी गोष्ट. तो हजारात दोन असेल, तर निम्मा होऊनही हजारात एकीलाच लाभ. म्हणून मूळ प्रमाण न देता केवळ 'इतक्या टक्क्यांनी घट' सांगणारा मजकूर अपुरा समजावा.

निष्कर्षाची हद्द

चाचणीतील मात्रा ६०० मायक्रोग्रॅमची होती आणि ती बाळ जन्मल्यानंतर द्यायची होती. त्याच औषधाने गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून प्रसूतीपूर्वी तीच मात्रा घातक ठरू शकते. 'बाळंतपणात ही गोळी उपयोगी' अशा संक्षेपात नेमका हा भेद हरवतो. थंडी वाजणे व ताप हे त्रास औषधाच्या गटात अधिक दिसले, तेही अहवालात लिहिले आहे. तोटा न सांगणाऱ्या लेखावर अधिक शंका घ्यावी.

कायद्याचा आधार

औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार मधुमेहासह अनुसूचीतील अनेक आजार बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. मात्र विश्वासातल्या माणसाने पुढे धाडलेल्या संदेशाला कायदा क्वचितच गाठतो.

मूळ शोधण्याची वाट

पबमेड या विनामूल्य सूचीत औषध आणि आजाराचे नाव घातले की मूळ शोधनिबंधाचा सारांश सापडतो. भारतातील चाचण्यांची नोंद २००७ पासून 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथे होते. नोंदणी क्रमांक म्हणजे औषध सिद्ध झाल्याचा दाखला नव्हे. त्याचा उपयोग वेगळा आहे : काय मोजणार हे संशोधकांनी आधी जाहीर केलेले असते, आणि छापलेल्या निष्कर्षात तेच मोजले आहे की सोयीचे दुसरे काही पुढे केले आहे, हे दोन्ही शेजारी ठेवून तपासता येते.