रायगडाचें छायाचित्र
कॅमेरा घेऊन रायगडीं जाणारा पुष्कळदां निराश होतो. कारण १६७४ सालीं जेथें शिवराज्याभिषेक झाला, तेथें आज वाडे उभे नाहींत. मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफगोळ्यांनीं गडावर आग लागली. लाकडी इमले जळाले, दगडी जोतीं तेवढीं उरलीं. हीं जोतीं भर दुपारीं टिपूं नयेत. डोक्यावरच्या उन्हांत तीं जमिनींत विरून जातात. सकाळच्या तिरप्या उन्हांत मात्र त्यांच्या सांवल्या लांबतात आणि बाजारपेठेच्या दोन्ही रांगा उठून दिसतात. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारीं माणूस उभा करावा, जोत्यावर नव्हे. चित्रासोबत स्थळ, दिशा व दिनांक अवश्य लिहावा. उद्यां एखादा चिरा ढळला, तर तो कोठें होता याची साक्ष तेंच चित्र देईल.