आधी शेत, मग पाहुणा

टस्कनीतली ऑलिव्हची झाडं जवळून पाहिली की त्यांची ठेवण वेगळी असल्याचं लक्षात येतं. दक्षिणेकडे पुलियात ऑलिव्हचा बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही इतका जाड आणि पिळवटलेला असतो. टस्कनीत जमिनीलगत एक रुंद, जुना खुंट दिसतो आणि त्यातून तीन-चार सडपातळ खोडं वर गेलेली असतात. याचं कारण जानेवारी १९८५ची थंडी. त्या महिन्यात फ्लॉरेन्सच्या विमानतळावर पारा उणे २३ अंशांपर्यंत उतरला आणि लाखो झाडं गारठून गेली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापून काढली आणि मुळांना फुटवे येण्याची वाट पाहिली. तेलाचं उत्पन्न काही वर्षं बुडालंच.

त्याच वर्षी ५ डिसेंबरला इटलीच्या संसदेचा ७३० क्रमांकाचा कायदा आला. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवून त्यांचे पैसे घ्यायला त्यानं देशभर एक चौकट दिली. थंडीमुळे हा कायदा झाला असं नाही, त्याची मागणी जुनी होती. ‘अग्रितुरिस्त’ ही शेतकऱ्यांची संघटना १९६५पासून त्यासाठी झटत होती. पण तोडलेल्या झाडांच्या शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा दुसरा आधार नेमका गरजेच्या वेळी मिळाला. आज इटलीत अशी २५ हजारांहून जास्त शेतं आहेत. त्यांना ‘अग्रितुरिस्मो’ म्हणतात, आणि परवान्याशिवाय हे नाव दारावर लावता येत नाही.

तिथे ज्या दगडी घरात आपण उतरतो, ते मुळात पाहुण्यांसाठी बांधलेलं नसतं, आणि त्याचा इतिहास सुखाचाही नाही. मध्य इटलीत टस्कनी, उंब्रिया आणि मार्के या भागांत अनेक शतकं अर्धेलीची शेती चालली. जमीन आणि घर मालकाचं, घाम कुळाचा, पीक निम्मं-निम्मं. मालक फ्लॉरेन्स किंवा सिएनात राही आणि त्याचा कारभारी हिशेबाची वही सांभाळी. निम्म्या पिकाखेरीज सणासुदीला अंडी, कोंबड्या मालकाच्या घरी पोचवाव्या लागत. घरात किती हात आहेत यावर किती जमीन मिळणार हे ठरे, त्यामुळे कुळाच्या घरातलं लग्नसुद्धा मालकाच्या संमतीचा विषय असे. करार मोडला की बिऱ्हाड गाडीवर लादून दुसरं शेत शोधायचं. अनेक भागांत हे बिऱ्हाड हलवणं ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी होई.

घराची रचना या जगण्यातून आली आहे. तळमजल्यावर गोठा, त्यात कियानिना जातीचे थोराड पांढरे बैल. गुरांची ऊब वर चढावी म्हणून माणसं वरच्या मजल्यावर. बाहेरून चढणारा दगडी जिना, वर माणूस आत बसू शकेल एवढी मोठी चूल, छपरावर कबुतरखाना, अंगणात पावाची भट्टी आणि समोर विटांचं खळं. आज त्या गोठ्यात जेवणाची टेबलं असतात आणि गव्हाणी भिंतीला तशाच ठेवलेल्या असतात. खळ्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. एका छपराखाली पंधरा-वीस माणसं राहत, हे तिथल्या खोल्या मोजल्या की पटतं.

१९५०नंतर ही माणसं निघून गेली. मिलान आणि तोरिनोच्या कारखान्यांत, जवळच्या प्रातोच्या कापडगिरण्यांत महिन्याचा पगार होता आणि घरात नळाचं पाणी होतं. सप्टेंबर १९६४च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्क्यांवर नेला, पण तोवर घरं रिकामी होऊ लागली होती. आपल्याकडे कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. मध्य इटलीतल्या बहुतेक अर्धेलकऱ्यांच्या वाट्याला असा दिवस आला नाही. त्यांना जमीन मिळाली नाही, ते शहरात गेले. सिएनाच्या दक्षिणेकडच्या ओसाड शेतांवर सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ कळप घेऊन आले. पिएन्झाच्या ज्या मेंढीच्या चीजसाठी लोक आज तिथे जातात, त्याच्यामागे या स्थलांतरितांचा मोठा हात आहे. उरलेली घरं छपरं कोसळून पडायची, किंवा परदेशी माणसं सुट्टीसाठी विकत घ्यायची.

१९८५च्या कायद्याचं मोल यातून कळतं. त्याची जागा पुढे २० फेब्रुवारी २००६च्या ९६ क्रमांकाच्या कायद्यानं घेतली, पण गाभा तोच राहिला. पाहुणे ठेवण्याचा हक्क फक्त शेती करणाऱ्याला आहे. नवं बांधकाम उभारून खोल्या काढायच्या नाहीत, शेतावर आधीपासून असलेल्या इमारतीच वापरायच्या. पडकी घरं वाचली ती या कलमामुळे. ताटात वाढायचं ते मुख्यतः स्वतःच्या शेतातलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांचं. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. ते मोजायचं कसं? पैशांवर मोजलं तर पाहुण्यांची कमाई एखाद्या वर्षी गव्हाला सहज मागे टाकेल. म्हणून हिशेब कामाच्या वेळेवर ठेवला आहे. वर्षभरात शेतीला लागणारा वेळ पाहुण्यांवर जाणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा. दहापर्यंत पाहुणे असतील तर शेती मुख्य आहे असं कायदा धरूनच चालतो. तपशिलाचे नियम प्रत्येक प्रांत आपले करतो. मला हे कामाच्या वेळेचं कलम फार शहाणपणाचं वाटतं, कारण पीक बुडालेल्या वर्षीसुद्धा शेतकरी त्यामुळे शेतकरीच राहतो.

अग्रितुरिस्मो म्हणजे सेंद्रिय शेत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. सेंद्रिय असण्याचं प्रमाणपत्र वेगळं, त्याची तपासणी वेगळी, आणि ते खोलीला मिळत नाही, पिकाला मिळतं. युरोपच्या नियमाप्रमाणे हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षं आणि द्राक्ष-ऑलिव्हसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तोडणीआधी तीन वर्षं सेंद्रिय पद्धतीनं काढावी लागतात. या काळात खर्च आणि धोका सेंद्रिय शेतीचा, पण माल त्या नावानं विकता येत नाही. युरोपच्या सेंद्रिय चिन्हातलं ताऱ्यांनी रेखलेलं हिरवं पान बाटलीवर दिसतं ते या वाटेनं आलेलं असतं. इटलीच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी जवळपास पाचवा हिस्सा आज सेंद्रिय आहे.

पाहुण्याला हे सगळं डोळ्यांनी दिसतं. मे-जूनमध्ये द्राक्षाच्या पानांवर निळसर डाग असतात आणि हवेत गंधकाचा वास. नाशिककडच्या बागायतदाराला तो वास ओळखीचा वाटेल, कारण मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि गंधक इथेही केवडा आणि भुरीवरचे जुने उपाय आहेत. सेंद्रिय शेतीतही तांबं चालतं, पण मोजून. हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोंपेक्षा जास्त नाही, कारण ते मातीत साठून राहतं. आपण ताग पेरून फुलावर आला की गाडतो, तसं तिथे द्राक्षाच्या ओळींमध्ये घोडेवाल आणि क्लोव्हर पेरून गाडतात. ऑलिव्हच्या फळात अळी घालणाऱ्या माशीपुढे मात्र सेंद्रिय शेतकऱ्याचे हात तोकडे पडतात. पांढऱ्या चिकणमातीचा लेप फवारायचा, सापळे टांगायचे, आणि नाहीच जमलं तर तोडणी आधी उरकायची. २०१४ साली उन्हाळा ओला आणि थंड गेला, माशी मातली, आणि मध्य इटलीत अनेकांनी तोडणीच केली नाही.

सेंद्रिय शेतीच्या चळवळीतलं एक ठिकाण मला विशेष जवळचं वाटतं. मार्के प्रांतात उर्बिनोजवळ इझोला देल प्यानो नावाचं खेडं आहे. तिथल्या जीनो जिरोलोमोनी या तरुणानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, गावाचा महापौर असताना, टेकडीवरच्या माँतेबेल्लोच्या पडक्या मठाची डागडुजी सुरू केली. मठ चौदाव्या शतकातला, भोवतीची शेतं ओस पडलेली. लोक गाव सोडून चालले होते आणि त्याला ते परत आणायचे होते. १९७७ साली त्यानं सहकारी संस्था काढली आणि रसायनांशिवाय गहू पिकवून त्याचा पास्ता करायला सुरुवात केली. कोंड्यासकट गव्हाचा पास्ता तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हता, त्यामुळे मालावर जप्तीही आली. त्यानं माघार घेतली नाही. २०१२ साली तो वारला. संस्था आज त्याच्या नावानं चालते, टेकडीवर स्वतःचा पास्ता कारखाना आहे, आणि शेजारच्या खाणावळीत पाहुण्यांना राहता-जेवता येतं. ज्या टेकडीवरचा गहू, तिथेच दळण, तिथेच पास्ता, तिथेच ताट. दलालाला मध्ये जागाच उरत नाही, आणि डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्याला तगून राहायला याहून भक्कम रचना मला माहीत नाही.

जेवण हा अशा मुक्कामाचा गाभा. बहुतेक ठिकाणी रात्री एकच बेत असतो आणि तो काय असेल हे मळा ठरवतो. हिवाळ्यात काळसर पानांची कोबी, पांढरा घेवडा आणि शिळा पाव एकत्र रटरटवून केलेली रिबोल्लिता. उन्हाळ्यात त्याच शिळ्या पावाची टोमॅटो-कांदा घातलेली कोशिंबीर. टस्कनीचा पाव बिनमिठाचा. पहिल्या घासाला तो आपल्याला फिका लागतो, पण खारवलेलं मांस आणि मुरलेलं चीज सोबत आलं की त्याचं काम कळतं. शाकाहारी मराठी माणसाची इथे आबाळ होत नाही, कारण गरिबीत घडलेल्या या स्वयंपाकात मांस क्वचितच असे. कडधान्यं, पालेभाज्या, हातानं वळलेल्या जाड शेवया आणि वरून तेल.

त्या तेलासाठी जायचं तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. झाडाखाली जाळी पसरतात, हातातल्या फणीनं किंवा बॅटरीवर थरथरणाऱ्या काठीनं फळं खाली पाडतात, पानं निवडून ती उथळ क्रेटमध्ये भरतात. गोणीत भरली तर फळं दबून तापतात आणि तेलाला आंबूस वास येतो. घाण्यावर नंबर आधीच लावलेला असतो, बहुधा त्याच रात्रीचा. फळाचा लगदा २७ अंशांखाली ठेवून फिरवतात आणि मग तेल वेगळं काढतात. शंभर किलो फळांतून बारा ते पंधरा किलो तेल निघालं तर शेतकरी समाधानी असतो. नवं तेल हिरवंगार, किंचित कडू आणि घशाला झोंबणारं असतं. तो झोंबरेपणा ताजेपणाची खूण आहे. भाजलेल्या पावाला लसूण घासून त्यावर हे तेल ओतायचं, मीठ भुरभुरायचं, बाकी काही नको. मागितलं तर पाहुण्याच्या हातीही फणी देतात, आणि ती जरूर मागावी.

सगळीकडे हे असंच असतं असं मात्र समजू नये. काही ठिकाणी पोहण्याचा तलाव मोठा आणि ऑलिव्हची झाडं शोभेपुरती. कायदा कागदावर पाळलेला असतो, पण न्याहारीचा मुरांबाही दुकानातला येतो. २०१३पासून सरकारनं एक ते पाच सूर्यफुलांची प्रतवारी आणली. तिचा मुख्य भर सोयीसुविधांवर आहे, त्यामुळे पाच फुलं पाहून शेत किती खरं ते ठरवता येत नाही. मी तरी आधी पत्र लिहून विचारतो: तेल कुठल्या घाण्यावर काढता, या महिन्यात शेतावर कोणतं काम चालू असेल? खरा शेतकरी या प्रश्नाचं उत्तर लांबलचक देतो.

महाराष्ट्रानं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून बारामतीच्या परिसरात शेतकरी पाहुणे ठेवत आले आहेत. अशी केंद्रं चालवणाऱ्यांनी आणि त्यांचे नियम लिहिणाऱ्यांनी इटलीच्या कायद्यातलं कामाच्या वेळेचं कलम एकदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. शेतं गावापासून दूर, पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर असतात आणि बस क्वचितच जवळ जाते, तेव्हा गाडी हवी. उन्हाळ्यात बरेच जण शनिवार ते शनिवार असा आठवड्याचाच मुक्काम घेतात. नोव्हेंबरात एक-दोन रात्रीही मिळतात आणि दर उतरलेले असतात. जाड दगडी भिंतींची घरं हळू तापतात, म्हणून लोकरी कपडे न्यावेत. तेल पत्र्याच्या डब्यात घ्यावं, विमानात चेक-इन करायच्या बॅगेत ठेवावं आणि घरी आल्यावर उजेडापासून दूर ठेवून वर्षाच्या आत संपवावं.