स्वमग्नता आणि ईश्वरश्रद्धा

स्वमग्नता ही सामाजिक संवादातील वेगळेपण दर्शविणारी विकासात्मक अवस्था होय. दुसऱ्याच्या मनातील समजूत ओळखणे अनेक स्वमग्न मुलांना कठीण जाते, हे सायमन बॅरन-कोहेन प्रभृतींनी १९८५ मध्ये प्रयोगाने दाखविले. इच्छा व हेतू असलेल्या सगुण ईश्वराच्या कल्पनेसही हीच क्षमता लागते, या गृहीतकावर अरा नॉरेन्झायन प्रभृतींनी कॅनडा व अमेरिकेत संशोधन केले. स्वमग्नतेची लक्षणे अधिक असणाऱ्यांत अशी श्रद्धा सरासरीने कमी आढळली (२०१२). २०१७ मधील एका अभ्यासात मात्र श्रद्धेचा संबंध या क्षमतेपेक्षा इतरांचे धर्माचरण प्रत्यक्ष पाहण्याशी अधिक दिसला. अनेक स्वमग्न व्यक्ती श्रद्धाळू असतात. म्हणून अश्रद्धा हे स्वमग्नतेचे लक्षण नव्हे. तसेच विचारपूर्वक स्वीकारलेली नास्तिकता हा मनोदोषही ठरत नाही.